यंत्राचें दप्तर

सातारा आणि सांगली ह्या नांवांचा उच्चार होतांच इतिहासप्रेमी वाचकाच्या डोळ्यांपुढें गड, राजवाडे आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. पण ह्या भूमीला दुसराहि एक इतिहास आहे, व तो लोखंडाचा आहे. जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील बिघडलेला संगणक दुरुस्त करण्याच्या कारागिरीविषयीं आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें ह्या दोन्ही इतिहासांच्या आधारानेंच नीट सांगतां येईल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें केला. पुढें १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यांत मोडते. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं कारखाना काढला, आणि नांगरांमागून तेथें डिझेल इंजिनें होऊं लागलीं. ह्या नांगरांचा व इंजिनांचा एक गुण फारसा कोणी नोंदविलेला नाहीं. तीं उघडून पाहतां येत. फाळ झिजला तर तो डोळ्यांस दिसे. नोझल तुंबलें तर इंजिनाच्या आवाजावरून मिस्त्री तें ओळखी. यंत्र परक्या विद्येचें असलें, तरी त्याची दुरुस्ती गांवची झाली, आणि दुरुस्ती गांवची झाली म्हणूनच यंत्रहि गांवचें झालें.

ह्या परंपरेला खरा धक्का बसला तो इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला तेव्हां. पेट्रोल किती सोडावयाचें आणि ठिणगी केव्हां पाडावयाची, हें पूर्वीं कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठरवीत. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९६७ सालीं फोक्सवॅगन मोटारींत विजेच्या मंडलानें पेट्रोलचें माप ठरविण्याची युक्ति आणली, आणि १९७९ सालीं बीएमडब्ल्यू मोटारींतील ‘मोट्रॉनिक’ पेटींत पेट्रोल व ठिणगी ह्या दोहोंचा हिशेब एकत्र केला. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे निर्बंध कडक होतांच साध्या मोटारींतूनहि कार्ब्युरेटर हद्दपार होऊं लागला. ह्या पेटीला आपले मिस्त्री ‘ईसीएम’ म्हणतात. तिला आवाज नाहीं, वास नाहीं. ती मेली कीं गाडी नुसती उभी राहते.

पण ही पेटी मरते कशानें, हें पाहूं गेल्यास नवल वाटतें. पुष्कळदां दोष त्या गहन गणितांत नसतोच. तो एखाद्या क्षुल्लक कॅपॅसिटरांत असतो. ह्या नळकांडीसारख्या तुकड्यांत एक द्रव असतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य साधारणतः निम्म्यावर येतें. कालांतरानें तो द्रव सुकतो किंवा पाझरतो, आणि पाझरला म्हणजे पाटीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. १९९० च्या सुमाराच्या मित्सुबिशीच्या इक्लिप्स आणि ३०००जीटी ह्या मोटारी ह्या विकारासाठीं प्रसिद्ध आहेत. उपाय मात्र घड्याळजीच्या कामासारखा आहे. पाटी बाहेर काढावी, द्रवाचे डाग पुसावे, अधिक उष्णता सोसणारे नवे कॅपॅसिटर डाखावे, तुटलेल्या रेषेवर बारीक तार जोडावी, आणि तडकलेले सांधे पुन्हां वितळवावे. लाखोंच्या मोटारीचा प्राण कधीं कधीं कांहीं रुपयांच्या तुकड्यानें परत येतो.

अडचण असते ती वेगळीच. मूळ पेटी मिळत नाहीं, आणि पाटीचा नकाशा कारखान्याबाहेर कोणी पाहिलेला नसतो. शिवाय जुन्या स्मृति-चिपेंतील अक्षर विजेच्या भारानें लिहिलेलें असतें, आणि तो भार वर्षानुवर्षें झिरपत जातो. म्हणून शहाणा कारागीर प्रथम त्या अक्षराची नक्कल करून ठेवतो. हें ऐकून आम्हांस मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आठवतात. त्यांनीं पटवर्धनांचे कागद वेळींच उतरून प्रसिद्ध केले. राजवाड्यांनींहि वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ सालीं आपला पहिला साधनखंड छापला. वाळवीनें कागद खाणें आणि द्रवानें तांबें खाणें ह्यांत आम्हांस तत्त्वतः भेद दिसत नाहीं. दोन्ही ठिकाणीं दप्तरच नष्ट होतें.

कोणी म्हणेल, धनिकांच्या खेळण्यांची एवढी चिंता कशाला? आमचें उत्तर असें कीं, ह्या मोटारी केवळ आधीं म्हाताऱ्या झाल्या, आणि त्यांच्या मालकांपाशीं खर्चावयास पैसा होता, म्हणून हा रोग तेथें प्रथम चव्हाट्यावर आला. आज तीच पेटी मालमोटारींत आहे, आणि मोठ्या ट्रॅक्टरांतहि शिरली आहे. उद्यां ऐन ऊसतोडीच्या हंगामांत ती मेली, तर शेतकऱ्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

नकाशे खुले केल्यास चोरांचें फावेल व धूर वाढेल, हा कारखानदारांचा आक्षेप सर्वस्वीं पोकळ नाहीं. तथापि अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालीं कायदा करून मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांसहि मिळावी असें ठरविलें, आणि त्यामुळें तेथील कारखाने बुडाले नाहींत. ज्या यंत्राचे सुटे भाग देणें कारखान्यानें बंद केलें, त्याचा नकाशा तरी त्यानें लोकांच्या स्वाधीन करावा, एवढेंच आमचें मागणें आहे. सांगलीस १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. असें दप्तर जतन करण्यास त्याहून योग्य जागा कोणती? मोडी वाचणारे थोडे उरले म्हणून आपण हळहळतों. यंत्रांची लिपि वाचणारे अजून आपल्या गांवांत आहेत, तोंवरच ती उतरून घेतली पाहिजे.