कडकनाथ पिल्लांची ओळख

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर भागात भिल्ल आणि भिलाला समाजांनी सांभाळलेली कोंबडीची देशी जात आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातही या जातीचे पालन होते. तिला चढा भाव मिळत असल्याने संकरित पिल्ले शुद्ध म्हणून विकली जाण्याचा धोका असतो.

एक दिवसाच्या पिल्लाची लव निळसर ते काळी असते व पाठीवर अनियमित गडद पट्टे दिसतात. तथापि लवेपेक्षा त्वचा अधिक विश्वसनीय होय. ऑस्ट्रालॉर्पच्या पिल्लाची लवही बरीचशी काळी असते, परंतु तिच्याखालील त्वचा फिकट असते. कडकनाथची त्वचा, चोच व पाय करडे-काळे असतात. सिल्की जातीची त्वचाही काळी असते, मात्र तिच्या पायाला पाच बोटे असतात, कडकनाथच्या चार.

खरी अडचण संकराची आहे. त्वचेतील काळेपणा प्रभावी जनुकामुळे येतो, तर तो दडपणारे दुसरे जनुक लिंगसंलग्न आहे. असे दडपणारे जनुक असलेल्या फिकट त्वचेच्या मादीचा कडकनाथ नराशी संकर केल्यास नर पिल्ले फिकट निघतात. मादी पिल्लांना ते जनुक आईकडून मिळत नाही, त्यामुळे ती शुद्ध पिल्लांसारखीच काळी दिसू शकतात. म्हणून सुट्या पिल्लाच्या रंगावरून शुद्धता ठरत नाही. मूळ कळप पाहावा लागतो. प्रौढ पक्ष्यात सोनेरी छटेची पिसे आढळणे मात्र संकराचे लक्षण नव्हे, कारण कडकनाथचा सोनेरी हा एक मान्य प्रकारच आहे.