डालडा: एका बदनाम डब्याचा इतिहास

किराणा मालाच्या यादीतही लिहिला जातो आणि माणसाला नावं ठेवायलाही वापरला जातो असा ब्रँड मराठीत शोधायला गेलं, तर पहिलं नाव डालड्याचंच निघेल. एखाद्याचा समाजवाद डालडा असतो, कुणाचं हिंदुत्व डालडा असतं, कुणाचं शास्त्रीय गाणं डालडा असतं. अस्सल ते साजूक तूप आणि नकली तो डालडा. त्याच्या बाजूने बोलायला आजवर कुणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. अगदी ज्यांच्या घरच्या दिवाळीच्या चिरोट्यांना पदर सुटले ते डालड्याच्या साट्यामुळे, तेही नाही.

आणि तो पिवळा डबा! त्यावर हिरवं ताडाचं झाड. आतला माल संपला की डब्याचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. मोठ्यात तुळस किंवा कोरफड, मधल्यात डाळ-तांदूळ, आणि चाळीच्या गॅलरीत सकाळी रांगेत उभं राहणाऱ्यांच्या हातात त्याचंच टमरेल. एवढी सेवा करूनही प्रतिष्ठा शून्य.

मला हे आत्ता लिहावंसं वाटलं ते नकली पनीरवरून चाललेल्या गदारोळामुळे. ही सगळी चर्चा आपण पूर्वी एकदा करून बसलोय. अगदी संसदेपर्यंत जाऊन. आणि तेव्हा आपलं नेमकं काय चुकलं, हे त्या पिवळ्या डब्याच्या इतिहासात स्वच्छ दिसतं.

तर सुरुवात युरोपातून. पातळ तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की तेल घट्ट होतं. पॉल सबातिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निकेल आणि हायड्रोजनवर मूलभूत काम केलं, त्याबद्दल त्याला 1912 चं नोबेल मिळालं. विल्हेल्म नॉरमन या जर्मन माणसाने 1902 मध्ये हीच युक्ती तेलांसाठी पेटंट केली. अमेरिकेत 1911 साली त्यातून 'क्रिस्को' बाजारात आलं. तिकडे त्याने डुकराच्या चरबीची जागा घेतली. आपल्याकडे कुणाची जागा घ्यायची हे उघडच होतं.

पहिलं महायुद्ध संपता संपता, 1918 च्या सुमारास, डच कंपन्यांनी हा माल हिंदुस्थानात आणायला सुरुवात केली. नाव दिलं 'वनस्पती'. नावाची निवड बघा. त्यात तूप नाही, तेल नाही, कारखाना तर नाहीच नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे हिरवं पान यावं, आणि आत कुठल्याही प्राण्याची चरबी नाही एवढं मनात पक्कं बसावं. 1931 मध्ये लिव्हर कंपनीने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि 1932 मध्ये मुंबईत शिवडीला उत्पादन सुरू झालं. म्हणजे ज्याला आपण परकं, नकली म्हणतो ते तूप पक्कं मुंबईकर आहे, बरं का!

'डालडा' हे नाव 1937 चं. त्याची नेहमी सांगितली जाणारी कथा अशी की, आधी 'दादा' नावाची कंपनी हा माल आयात करायची. तिला आपलं नाव राहायला हवं होतं, लिव्हरला स्वतःची खूण हवी होती, म्हणून मधे लिव्हरचा 'ल' घुसवला.

तरीही लोक घेईनात. तुपाच्या जागी डब्यातला पांढरा गोळा कोण घेणार? मग 1939 मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या हार्वे डंकन यांनी मोहीम आखली. भारतातली पहिली मोठी बहुमाध्यमी जाहिरात मोहीम म्हणून तिचा उल्लेख होतो. सिनेमागृहात लघुपट, पत्रकं, आणि रस्त्यावर चक्क डालड्याच्या गोल डब्याच्या आकाराची गाडी! पदार्थ तळून लोकांना फुकट चाखायला द्यायचे, वास घ्या, हात लावून बघा म्हणायचं. आज मॉलमध्ये टूथपिकला टोचून चीजचा तुकडा देतात, त्याचे हे आजोबा.

नाव घरोघर एवढं पोचलं की भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी 'डालडा 13' हे टोपणनाव घेतलं. त्यांच्या गाडीचा नंबर होता डीएलडी 13, आणि जन्म 1913 चा. नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या बाईंनी वनस्पती तुपाचं नाव हसत हसत मिरवलं. डालड्याला मिळालेला हा बहुधा एकमेव सन्मान.

आता मुद्द्याचा प्रश्न. शेंगदाण्याचं तेल खायला उत्तम होतं. घाणीवर निघत होतं, गावातल्या तेल्याचं पोट त्यावर चालत होतं. मग तेच तेल कारखान्यात नेऊन, वायू सोडून, घट्ट करून, पुन्हा आपल्याला का विकायचं? पोषण काही वाढत नव्हतं. वाढत होतं ते दिसणं. वनस्पती हळूहळू थंड करून मुद्दाम रवाळ बनवायचे, कारण आपल्याकडे चांगलं तूप म्हणजे रवाळ तूप. म्हणजे त्या डब्यात स्निग्धांशाबरोबर अब्रूही भरून मिळत होती. पाहुणा आला, लग्न निघालं, सण आला की तेलातलं वाढणं कमीपणाचं आणि तुपातलं परवडत नाही. या दोन्हींच्या मधे जो मोठा समाज उभा होता, त्याच्यासाठी हा पिवळा डबा होता. गिरणीतला कामगार, प्राथमिक शिक्षक, कारकून. नाक मुरडणारे बहुतेक ते, ज्यांच्या घरी लोणी कढत होतं.

पण विरोध नुसता नाक मुरडण्यापुरता नव्हता. त्यात दम होता. गांधीजींनी 1946 मध्ये 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं. खेड्यातली दुधाची आणि घाणीची अर्थव्यवस्था यात मोडते, आणि हे तुपात मिसळून विकतात, हे दोन्ही आक्षेप खरे होते. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घालणारं विधेयक संसदेत मांडलं. उंदरांना वनस्पती खाऊ घालून प्रयोग झाले, त्यांवरून वाद झाले. बंदी काही आली नाही.

मग मधला मार्ग शोधला गेला, तो म्हणजे वनस्पतीला रंग द्या. हिरवा, गुलाबी, कुठलाही, म्हणजे तुपात मिसळला की पकडला जाईल. ऐकायला सोपं. पण रंग असा हवा की जो विषारी नाही, तळताना उडत नाही, भामट्याला गाळून काढता येत नाही, आणि गृहिणीची पुरी हिरवी करत नाही. असा रंग सापडलाच नाही. सापडावा अशी कारखानदारांची फार इच्छा होती असंही म्हणवत नाही, कारण गुलाबी डालडा तुपाची ऐट कशी आणणार?

शेवटी जे झालं ते मात्र मला फार आवडतं. कायदा झाला की प्रत्येक वनस्पतीत ठराविक प्रमाणात, पाच टक्के, तिळाचं तेल घालायचंच. का? तर तिळाच्या तेलाची एक खोड आहे. संशयित तूप वितळवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर किंवा फरफ्युरल घालून हलवलं की तिळाचं तेल असल्यास खालचा थर गुलाबी-लाल होतो. याला बोदुआँ चाचणी म्हणतात. म्हणजे रंग डब्यात द्यायचा नाही, तो प्रयोगशाळेत उमटवायचा. नकली मालाच्या पोटातच त्याचा चहाडखोर बसवून ठेवायचा. भारतीय नोकरशाहीला आपण येता-जाता शिव्या घालतो, पण ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याला मनापासून नमस्कार. पुढे 1953 पासून वनस्पतीत अ जीवनसत्त्व घालणंही सक्तीचं झालं.

त्यानंतरची दोन-तीन दशकं डालड्याचीच. टंचाईच्या काळात तर चेष्टा बाजूला राहिली आणि डबा मिळाला म्हणजे जिंकलो, अशी गत झाली. 1972 नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या तेल, साखर, रॉकेल, धान्य अशा रोजच्या जिनसांसाठी. स्वयंपाकघरात स्निग्ध पदार्थ नसणं म्हणजे काय, हे त्या मोर्चातल्या बाईला विचारायला हवं होतं. शुद्ध-अशुद्धाची चर्चा तिच्या दारात फार उशिरा पोचते.

1983 मध्ये पुन्हा वादळ आलं. वनस्पतीत आयात केलेली गाईची चरबी मिसळली जाते, असा आरोप देशभर गाजला. ज्या मालाचं नावच 'वनस्पती', त्यात चरबी! 1857 च्या काडतुसांची आठवण निघाली, संसद तापली, राजकारण झालं. लोकांचा संताप अगदी समजण्यासारखा होता. डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी तो घरात आणला होता.

आणि आता या कथेतली खरी कलाटणी. धर्म झाला, भेसळ झाली, अब्रू झाली. या सगळ्या वादात खरा आरोपी एका कोपऱ्यात शांत बसून होता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यातल्या काही रेणूंचा आकार बदलतो. मूळ तेलात जिथे रेणू वाकलेला असतो, तिथे तो सरळ होतो. हे ट्रान्स फॅट. 1990 मध्ये मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवून दिलं की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून हृदयविकाराशी त्याचा संबंध समोर आला. डेन्मार्कने 2003 मध्ये कडक मर्यादा घातली. आणि आपण? एफएसएसएआयची तेला-तुपासाठी तीन टक्क्यांची मर्यादा 2021 मध्ये आली आणि दोन टक्क्यांची 2022 मध्ये. पहिल्या इशाऱ्यापासून मोजलं तर बत्तीस वर्षं.

या बत्तीस वर्षांत वनस्पती कोण खात होतं? साजूक तूपवाले आधीच बाहेर होते. पुढे ऑलिव्ह ऑइलवालेही बाहेर पडले. उरला तो, ज्याची सकाळ चहा-खारीवर होते, दुपार वडापाववर आणि दिवाळी बेकरीच्या नानकटाईवर. त्याच्यासाठी संसदेत कुणी आरडाओरडा केला नाही, मोर्चा निघाला नाही, काडतुसांची आठवण काढली नाही. 2003 मध्ये हिंदुस्तान लिव्हरने डालडा हा ब्रँड बंगी कंपनीला विकून टाकला आणि मोकळी झाली. डब्याची बदनामी आपल्या भाषेत तशीच राहिली.

म्हणून पनीरच्या गदारोळाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतोय. दुधातला स्निग्धांश काढून त्या जागी पाम तेलासारखं वनस्पती तेल घालून केलेल्या पनीरसदृश ठोकळ्याला नियमांच्या भाषेत 'अॅनालॉग' म्हणतात. तो बनवणं आणि विकणं हा गुन्हा नाही. तो पनीर म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पाकिटावर छापावं लागतं. पण ताटात पाकीट नसतं! 'पनीर मसाला'च्या वाटीत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळायला कुठलाही मार्ग नाही. सुट्या तुपाचा 1940 च्या दशकातला प्रश्न होता तो शब्दशः हाच.

आपण काय करतोय? पुन्हा 'नकली, नकली' म्हणून ओरडतोय, एखाद्या गोदामावर धाड पडली की व्हिडिओ फिरवतोय, आणि दोन आठवड्यांनी विसरतोय. मला वाटतं, तीन साध्या गोष्टी मागायला हव्यात. हॉटेलच्या मेनूकार्डावर पनीर की अॅनालॉग हे लिहिणं सक्तीचं करा. तिळाच्या तेलासारखा एखादा चहाडखोर अॅनालॉगमध्ये घालता येईल का, हे आपल्या अन्नशास्त्रज्ञांना विचारा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी जमलं होतं. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तो ठोकळा अस्सल नाही एवढ्यावर न थांबता, तो रोज खाणाऱ्याच्या शरीराचं काय होतं ते तपासा, आणि निष्कर्ष आला की बत्तीस वर्षं थांबू नका.

स्वस्त वस्तू राहणारच आहेत, कारण पगार तेवढेच आहेत. साडेतीनशे-चारशे रुपये किलोचं पनीर ज्याला परवडत नाही, त्यालाही मुलाच्या वाढदिवसाला पनीरची भाजी करावीशी वाटते. त्याला हसून काही साधणार नाही. त्याने दिलेल्या पैशात त्याला काय मिळतंय हे खरंखरं सांगणं, आणि जे मिळतंय ते निदान घातक नसणं, एवढं तर सरकारकडून वसूल करता येईल. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनात पुरेसे निरीक्षक आणि चालू प्रयोगशाळा लागतात. तेव्हा पुढच्या वेळी आपले आमदार पनीरवर बोलायला उभे राहिले, की त्यांना एवढंच विचारा: आपल्या जिल्ह्यात अन्न निरीक्षकांची किती पदं आहेत, आणि त्यातली भरलेली किती?