पाटी आणि खतावणी

सोलापूर जिल्ह्यातील केम हे कुंकवाचे गाव. चिमूटभर कुंकू पारखून पाहिले की बोटाला रंग लागतो. घरी येऊन हात धुतले की तो जातो. परंतु दुकानदाराने उधारी वहीत मांडली असेल, तर गिऱ्हाइकाने कितीही हात धुतले तरी ती ओळ पुसली जात नाही. ब्राउझरमधील ‘खाजगी खिडकी’चा इतिहास समजून घ्यायला एवढा दाखला पुरे.

आरंभी संकेतस्थळांना स्मरणशक्तीच नव्हती. तोच माणूस पुन्हा आला तरी ती त्याला ओळखत नसत. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ शोधून काढली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने पाहुण्याच्याच यंत्रात ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. सोय तर झाली. परंतु तिच्याबरोबर मागही राहू लागला.

तो माग पुसण्याची पहिली ठळक सोय ॲपलच्या सफारी ब्राउझरने २००५ साली दिली. २००८ साली गूगलचा क्रोम ‘इन्कॉग्निटो’ खिडकी घेऊनच अवतरला. २००९ साली इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्स यांनीही तीच वाट धरली.

ही खिडकी करते काय? ती मिटली की पाहिलेल्या पानांची यादी, शोधलेले शब्द आणि त्या बैठकीतील कुक्या यंत्रात उरत नाहीत. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र राहतात. ज्या घरात एकच फोन चार हातांत फिरतो, तेथे हे काम लहान नव्हे. एखाद्या मुलीला आपल्या दुखण्याविषयी किंवा सुनेला आपल्या हक्कांविषयी वाचायचे असेल, तर हा आडोसा फार मोलाचा.

मात्र पुसली जाते ती घरची पाटी. बाहेरची खतावणी नव्हे. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो ते, इंटरनेट पुरवणारी कंपनी, तसेच कचेरीचे वा शाळेचे जाळे असेल तर तेथील चालक, यांच्याकडे आपल्या येण्याजाण्याची नोंद राहू शकते. खिडकी उघडताच क्रोम तशी सूचना देतो. पण ती वाचतो कोण?

याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात गूगलवर दावा दाखल झाला. खाजगी खिडकीतही आमचा माग काढला, अशी वादींची तक्रार होती. कंपनीने आरोप नाकारला. तथापि २०२४ साली उघड झालेल्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे तिने मान्य केले. म्हणजे खतावणी होती, हे निराळे सांगायला नको!

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड हे मराठी न्यायमूर्ती त्या पीठात होते. २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्कही मांडला आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो, ती व्यवहार चोख राहावा म्हणून. आपली पाटी आपण पुसावी. परंतु दुसऱ्याच्या वहीत आपल्या नावावर काय मांडले आहे, ते विचारण्याचा हक्कही विसरू नये.