तारेने शिवलेली होडी

शिडाची होडी बाळगायची म्हणजे हातात कसबी सुतार हवा आणि खिसा भक्कम हवा, असा इंग्लंडातला जुना हिशोब. तो मोडायला मोठा हात लावला 'मिरर'ने. जेमतेम अकरा फुटी होडी, वर्ष १९६३. टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल आणि नावाजलेला डिझायनर जॅक होल्ट यांनी मिळून ती बनवली. पाठबळ 'डेली मिरर' या पेपरचं, म्हणून शिडं लाल! किटची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग.

खरी गंमत जोडणीत आहे. प्लायवूडचे कापलेले तुकडे घ्यायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालून पिळायचे. सपाट तुकडे चक्क होडीचा आकार घेतात! मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. ते वाळलं की तारा छाटायच्या. (आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने फळ्या शिवत. पण तिथे शिवणच होडी धरून ठेवायची, इथे ती नुसती कच्ची टीप.)

डोलकाठीही अशीच हुशार. मुख्य काठी आखूड, तिच्या आधाराने दुसरी काठी दोरीने वर चढवायची. उतरवलं की सगळं होडीतच मावतं. वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे गाडीच्या टपावरसुद्धा नेता येते.

अशा ७०,००० हून जास्त होड्या झाल्या. ऑलिंपिकच्या चकचकीत बोटींपेक्षा मला तरी हे मोठं वाटतं. १९९०च्या दशकात ए. जे. मॅकिनन नावाचा एक शिक्षक असल्याच होडीतून इंग्लंडहून निघाला, तो थेट काळ्या समुद्रावर पोचला!