खांबावरचा माणूस आणि नियमांची नजर

विजेच्या तारेकडे कितीही निरखून पाहिले तरी तिच्यातून प्रवाह चालू आहे की बंद, हे डोळ्यांना कळत नाही. तापलेले लोखंड लाल दिसते, उकळते पाणी वाफ सोडते, फिरत्या चाकाचा आवाज येतो. तार मात्र जिवंत असो वा मृत, सारखीच स्तब्ध लोंबत असते. खांबावर चढणाऱ्या लाइनमनला म्हणूनच आपल्या डोळ्यांवर विसंबता येत नाही; त्याला नियमावर विसंबावे लागते. आणि नियमाला जो धोका दिसलेला नाही, त्या धोक्यापासून तो नियम त्याला वाचवू शकत नाही. अमेरिकेत अशा नियमांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न येत राहतो: कामगारांना जे प्रत्यक्ष भोगावे लागत होते, ते नियमांना दिसावयास इतका काळ का लागला?

आरंभ न्यूयॉर्क शहरापासून करावा लागतो. 1880 नंतरच्या दशकात त्या शहरातील रस्त्यांवर तारांचे अक्षरशः जाळे पसरले होते. तारायंत्राच्या, दूरध्वनीच्या, रस्त्यांवरील दिव्यांच्या तारा एकाच खांबावर एकमेकींच्या डोक्यावरून गेलेल्या असत. त्या जमिनीखाली घ्याव्यात असा कायदा 1884 मध्येच झाला होता. परंतु कंपन्यांनी त्याची फारशी पर्वा केली नाही. 11 ऑक्टोबर 1889 रोजी, दुपारच्या वेळी, जॉन फीक्स नावाचा तारायंत्र कंपनीचा लाइनमन अशाच एका खांबावर चढला. ज्या तारांवर त्याला काम करावयाचे होते त्या कमी दाबाच्या होत्या. परंतु दूर कोठे तरी त्यांतील एका तारेवर दिव्यांची उच्च दाबाची तार टेकली होती, आणि हे खांबावरच्या माणसाला कळण्याची कोणतीही सोय नव्हती. फीक्स जागच्या जागी मरण पावला. त्याचे शरीर तारांत अडकून बराच वेळ तसेच लोंबकळत राहिले, त्यातून ज्वाला निघत होत्या, आणि खाली हजारो लोक माना वर करून पाहत होते.

शहर हादरले. पण पुढे जी चर्चा झाली ती वाचली की मन विषण्ण होते. त्या काळी एडिसन आणि वेस्टिंगहाउस ह्यांच्यात एकदिश प्रवाह श्रेष्ठ की प्रत्यावर्ती, ह्यावर कडाक्याचे भांडण जुंपले होते. एडिसनने पुढच्याच महिन्यात एका मासिकात लेख लिहून प्रतिपक्षाच्या प्रवाहाचे धोके जगापुढे मांडले. महापौरांनी धोकादायक तारा तोडण्याची आज्ञा दिली, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि अखेर त्या वर्षाच्या डिसेंबरात तारा खरोखरच तोडल्या गेल्या. नागरिकांच्या डोक्यावरचा धोका सर्वांना दिसला. परंतु त्या माणसाच्या हातांत रबरी मोजे नव्हते, त्याला कोणी पूर्वसूचना दिली नव्हती, ह्या गोष्टीची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

ती चर्चा सुरू केली स्वतः कामगारांनी. 1891 च्या नोव्हेंबरात सेंट लुइस येथे दहा प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी वीजकामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. हेन्री मिलर हा तिचा पहिला अध्यक्ष. त्या काळी काही भागांत दोन लाइनमनांपैकी एक कामावरच मरत असे, असे ह्या संघटनेच्या इतिहासात म्हटले आहे. आकडा अतिशयोक्त आहे असे कोणी म्हणेल. पण खुद्द मिलरचे काय झाले ते पाहावे. अध्यक्षपद सोडल्यानंतर तो पुन्हा खांबावर चढू लागला, आणि 1896 च्या जुलैमध्ये वॉशिंग्टन येथे काम करीत असता विजेचा धक्का बसून खाली पडला व मरण पावला.

सरकारी पातळीवर पहिला गंभीर प्रयत्न 1913 मध्ये तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने केला. पुढच्याच वर्षी तिने वीज यंत्रे व वाहिन्या चालविताना आणि दुरुस्त करताना पाळावयाचे सुरक्षा नियम छापून प्रसिद्ध केले. त्यांतूनच पुढे राष्ट्रीय विद्युत सुरक्षा संहिता वाढत गेली. परंतु तिचे स्वरूप शिफारशीचे होते. जी राज्ये ती स्वीकारतील तेथेच तिला कायद्याचे बळ. उरलेला भार कंपनीच्या सद्‌बुद्धीवर आणि मुकादमाच्या अनुभवावर.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली, तिचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. विजेने माणूस नेमका कसा मरतो हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील ह्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग करून, हातात धरलेली तार माणूस किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो हे मोजले. पुरुषांच्या बाबतीत सरासरी 16 मिलिअँपिअर भरले. आपल्या घरातील 100 वॉटचा साधा दिवा ह्याच्या पंचवीसपटीहून अधिक प्रवाह घेतो. म्हणजे ज्या प्रवाहाने दिव्याची तार धड लालही होणार नाही, तेवढ्याने माणसाची मूठ तारेभोवती आवळली जाते आणि ती उघडणे त्याच्या स्वाधीन राहत नाही.

दुसरे नाव जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम कौवेनहोव्हेन. हे वैद्य नव्हते, विद्युत अभियंते होते. लाइनमनांच्या मृत्यूंनी चिंतेत पडलेल्या वीज उद्योगाच्या आर्थिक साह्याने त्यांनी 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हृदयावर होणाऱ्या विजेच्या परिणामांचा अभ्यास आरंभिला. विजेच्या धक्क्याने हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलीत नाही. आणि विजेच्याच दुसऱ्या धक्क्याने ते पुन्हा ठिकाणावर आणता येते, हे त्यांच्या कामातून सिद्ध झाले. प्रयोग करताना आणखी एक गोष्ट योगायोगाने लक्षात आली: कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबून धरताच त्याचा रक्तदाब क्षणभर चढे. त्यावरून छाती दाबून हृदय चालते ठेवण्याची पद्धत निघाली व 1960 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज कोणत्याही इस्पितळात जो उपाय प्रथम योजिला जातो, त्याच्या मुळाशी खांबावर मेलेले लाइनमन आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आपल्या येथील जुन्या उपकेंद्राच्या भिंतीवर विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर कसे आणावे ह्याचा सचित्र तक्ता लावलेला असे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 44 व्या नियमाने तो लावणे बंधनकारक केले होते, आणि तो स्थानिक भाषेतही असला पाहिजे असा दंडक होता. त्या नियमांची जागा पुढे 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व 2023 मध्ये तेही नव्याने काढले गेले. हे थोडे विषयांतर झाले.

अमेरिकेत 1970 च्या अखेरीस कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा व्यापक कायदा झाला आणि त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय खाते निघाले. ह्या खात्याने 1972 मध्ये वीजवाहिन्या उभारणाऱ्या कामगारांसाठी नियम केले. उभारणाऱ्या, हा शब्द महत्त्वाचा आहे. नवी वाहिनी टाकणे म्हणजे बांधकाम. असलेली वाहिनी चालविणे व दुरुस्त करणे हे बांधकाम नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी स्वतंत्र नियम यावयास 31 जानेवारी 1994 उजाडावे लागले. बावीस वर्षे! आणि ते आले तेव्हा ते जुन्या नियमांहून पुष्कळ पुढचे होते, त्यामुळे उलटाच प्रकार झाला. एकाच खांबावर, त्याच हातमोज्यांनी, तोच माणूस सकाळी फुटलेला चिनी मातीचा चिमणीवजा इन्सुलेटर बदलीत असेल तर त्याला एक कायदा, आणि दुपारी नवी तार ओढीत असेल तर दुसरा, जुना व दुबळा. विजेला अर्थातच हा भेद ठाऊक नव्हता.

तरीही 1994 च्या नियमांचे मोल कमी लेखता येणार नाही. 600 व्होल्टांवरील चालू वाहिनीच्या बहुतेक कामांवर निदान दोघे जण हजर असले पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. बाहेरच्या कामावर छाती दाबून प्राण वाचविण्याचे शिक्षण घेतलेली माणसे हवीत आणि स्थिर ठिकाणी अशा माणसाला चार मिनिटांच्या आत पोहोचता आले पाहिजे, असेही सांगितले. कौवेनहोव्हेन ह्यांची विद्या अशा रीतीने चौतीस वर्षांनी खांबाच्या पायथ्याशी परत आली.

पण तोपर्यंत नियमांची नजर मुख्यतः धक्क्यावर होती. जाळण्याकडे ती अर्धवटच वळली होती. दोन तारांमध्ये वा तार आणि लोखंड ह्यांमध्ये उच्च दाबाची वीज हवेतून उडी मारते तेव्हा जो धगधगता झोत उठतो, त्याला आर्क म्हणतात. त्या झोतात माणसाने तारेला स्पर्शही केलेला नसतो, तरी तो भाजून निघतो. राल्फ ली ह्या अभियंत्याने 1982 मध्ये ह्या दुसऱ्या धोक्यावर निबंध लिहून, किती अंतरावर किती उष्णता पोहोचेल ह्याचे गणित मांडले. 1994 च्या नियमांनी इतकेच केले की नायलॉन, पॉलिएस्टर यांसारखे वितळून कातडीला चिकटणारे कपडे मना केले. कपड्याने इजा वाढवू नये, इथवर नियम आला. कपड्याने इजा टाळली पाहिजे, हे म्हणावयास आणखी वीस वर्षे गेली.

सुधारणेचा मसुदा जून 2005 मध्ये निघाला. सुनावणी झाली, उद्योगाने व कामगार संघटनांनी आपापले म्हणणे मांडले, आणि अंतिम नियम 11 एप्रिल 2014 रोजी प्रसिद्ध झाला. मसुद्यापासून जवळजवळ नऊ वर्षे. दरवर्षी सुमारे 20 मृत्यू आणि 118 गंभीर इजा टळतील असा खात्याचा स्वतःचा अंदाज होता. तो खरा मानला, तर त्या नऊ वर्षांचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

ह्या नियमाने उभारणी व दुरुस्ती ह्यांतील भेद बहुतांशी मिटविला. उष्णतेचा अंदाज मालकाने आगाऊ काढावयाचा आणि ती दर चौरस सेंटिमीटरला 2 कॅलरींहून अधिक असेल तर तिला पुरेल असा वेश कामगाराला द्यावयाचा, असे ठरले. चालू तारेपासून किती दूर राहावयाचे ह्याची गणिते नव्याने मांडली गेली. चढण्याबाबतचा बदल तर जुन्या लाइनमनांना विशेष खटकला. पूर्वी कुशल कामगाराने खांबावर पोहोचून काम करताना स्वतःला बांधून घ्यावे, पण चढता उतरताना मोकळे राहिले तरी चालेल, अशी मुभा होती. चढणे ही त्याची विद्या मानली जाई. 1 एप्रिल 2015 पासून चढतानाही आधार हवा असा नियम झाला. तो अशक्य आहे किंवा त्यानेच धोका वाढतो हे मालकाने सिद्ध केले तरच सूट. ह्या सुधारणांना उद्योगाच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले आणि 2015 च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन काही कलमांच्या अंमलाची मुदत पुढे गेली.

माझ्या मते मात्र ह्या नियमातील सर्वांत महत्त्वाचे कलम ना कपड्याचे आहे, ना पट्ट्याचे. ते माहितीचे आहे. गेल्या काही दशकांत वीज कंपन्यांचे पुष्कळसे काम कंत्राटदारांकडे गेले. वाहिनी कंपनीची, खांब कंपनीचे, नकाशे कंपनीच्या कपाटात. आणि खांबावर चढणारा माणूस दुसऱ्याचा, कधी तर दुसऱ्या प्रांतातून वादळानंतर धावून आलेला. खांब बुडाशी कुजला आहे हे कंपनीला ठाऊक असते, त्याला नसते. शेजारून जाणाऱ्या मोठ्या वाहिनीमुळे बंद तारेतही दाब उत्पन्न होतो, हे कंपनीला ठाऊक असते, त्याला नसते. पुरवठा बंद केल्यानंतर एखाद्या घरात कोणी स्वतःचे जनित्र चालू केले, तर त्याचे 240 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलट दिशेने जाऊन वरच्या तारेत 7200 व्होल्ट होऊन बसतात. म्हणूनच अर्थिंग केल्यावाचून तार मेली असे मानू नये, असे त्या धंद्यातील जाणती माणसे शिकाऊंना पढवितात.

2014 च्या नियमाने मूळ कंपनीवर बंधन घातले की वाहिनीचा दाब, तारांत उत्पन्न होणारा धोकादायक दाब, अर्थिंगची व खांबांची स्थिती, असे जे काही तिला ठाऊक असेल ते तिने काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराला सांगितले पाहिजे. कंत्राटदाराने ते आपल्या प्रत्येक माणसापर्यंत पोहोचविले पाहिजे. आणि कामावर गेल्यावर कंपनीने न सांगितलेला एखादा धोका आढळला, तर कंत्राटदाराने तो दोन कामाच्या दिवसांच्या आत कंपनीला कळविला पाहिजे. 1889 मध्ये त्या खांबावर चढलेल्या माणसाला, दूरवर आपल्या तारेवर दुसरी तार टेकली आहे, हे सांगण्याचे कर्तव्य कायद्याने कोणावरही टाकलेले नव्हते.