तबकडीतली बेटे

उमरठचा माणूस म्हटला की समोरचा तानाजी मालुसऱ्यांवर येतो. समाधी आमच्या गावात आहे आणि मला इतिहासाची खोड लागली ती तिथेच. मोडी कागद, गावोगावच्या वीरगळी, जुने महसूल दप्तर यांतच माझी पंचवीस वर्षे गेली. स्वादुपिंडाच्या इतिहासात मी शिरलो तो मात्र लेकीमुळे.

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोलादपुरात रक्त तपासले आणि साखर वाढलेली निघाली. घराण्यात मधुमेह नाही, पोर अंगाने सडपातळ. आळीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकला: डोहाळे पुरवताना गोड फार झाले. लेक रडली, तिची आई गप्प राहिली. बाळंत झाल्यावर मात्र साखर आपोआप जागेवर आली. आजार आला कुठून आणि गेला कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी डॉक्टर नाही. बारावीनंतर जे शिकलो ते पुस्तकांकडूनच. शब्दकोश शेजारी ठेवून जुने शोधनिबंध वाचू लागलो.

गोष्ट सुरू होते 1869 साली बर्लिनमध्ये. पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या काही वेगळ्या पुंजक्यांची नोंद केली. त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. 1893 मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी त्या पुंजक्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हटले. आपण त्यांना द्वीपके म्हणतो. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा या बेटांचे मोल जगाला कळले. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक तयार करतात.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. जी बेटे संप्रेरक देतात, त्यांच्यावर दुसऱ्या संप्रेरकांचा अंमल चालतो का? 1937 मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक यंग यांनी कुत्र्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क रोज टोचला. कुत्र्यांना मधुमेह झाला आणि इंजेक्शने थांबवल्यावरही तो गेला नाही. या ग्रंथीत वाढीचे संप्रेरक असते. ते बेटांचा नाश करते, असाच अर्थ कोणीही काढला असता.

पण जिवंत प्राण्यात यकृत असते, स्नायू असतात. अर्काचा घाव थेट बेटांवर पडला की आडून, हे ओळखायचे कसे? त्यासाठी बेटे शरीराबाहेर काढून जगवायला हवीत. 1967 मध्ये अमेरिकेत पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी उंदराचे स्वादुपिंड द्रवाने फुगवून, कोलॅजिनेज या विकराने भोवतालची ऊती विरघळवून बेटे अखंड सुटी केली. ती काढणे एक आणि टिकवणे दुसरे. माणसाच्या स्वादुपिंडात अशी दहा लाखांच्या आसपास बेटे असतात. एकेक मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे. शरीरात प्रत्येकात केशवाहिन्यांचे जाळे असते. तबकडीत ते तुटलेले असते. प्राणवायू बाहेरून झिरपेल तेवढाच मिळतो, म्हणून मोठ्या बेटांचा गाभा आधी मरतो. पोषणासाठी वासराच्या गर्भाचे रक्तजल घालतात, पण त्यातही संप्रेरके असतात. एकाच संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तर आधी हा मिश्र रस्सा बाजूला सारावा लागतो.

1982 मध्ये डेन्मार्कच्या येन्स नीलसन यांचे काम प्रसिद्ध झाले. संवर्धनातल्या बेटांना त्यांनी वाढीचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि वारेतून स्रवणारे लॅक्टोजेन दिले. बेटांतले इन्सुलिन वाढले. नव्या डीएनएची निर्मितीही वाढली, म्हणजे पेशी विभागायला लागल्या. यंगच्या कुत्र्यांत ज्याने बेटे उद्ध्वस्त केली, त्यानेच तबकडीत त्यांना पोसले! उलगडा असा: शरीरात हे संप्रेरक स्नायू-यकृताला इन्सुलिनचे ऐकू देत नाही. साखर चढते, बेटे राबून राबून थकतात. तबकडीत तो बोजाच नसतो, म्हणून पोसणारा हात तेवढा दिसतो.

इतर संप्रेरकांचीही अशीच पारख झाली. कॉर्टिसॉलच्या घराण्यातले डेक्सामेथासोन बीटा पेशींचे मरण वाढवते. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये सात रुग्णांवर बेटांचे रोपण यशस्वी झाले. त्या पद्धतीत स्टेरॉइड मुद्दाम वगळले होते. आतड्यातून निघणारे जीएलपी-1 मात्र माणसाची बेटे तबकडीत जास्त टिकवते, असे 2003 मध्ये दिसले.

आमच्याकडून घाट चढून गेले की पुणे. तिथे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, प्राण्यांच्या पेशी संवर्धित करण्याची राष्ट्रीय सोय म्हणून 1986 मध्ये सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. डॉ. रमेश भोंडे यांनी तिथे अनेक वर्षे बेटांवरच काम केले. 1999 मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि ते यांनी सहकाऱ्यांसह मधुमेही उंदरांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात स्वादुपिंडाचा काही भाग काढल्यावर उरलेल्या भागाचे आणि रक्तातल्या साखरेचे काय होते, हे तपासले होते. बेटे पुन्हा उभी राहू शकतात का, हाच त्यामागचा ध्यास.

त्याच पुण्यात, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळे वजनाला हलकी खरी, पण स्नायू कमी आणि त्यामानाने चरबी जपलेली. सडपातळ माणसालाही साखरेचा धोका का, याचा एक धागा इथे सापडतो.

आता लेकीकडे येतो. गरोदरपणी वार एकीकडे शरीराला इन्सुलिनबाबत बधिर करते, म्हणजे साखर बाळाकडे वळते. दुसरीकडे तीच वार आणि प्रोलॅक्टिन बेटांना वाढायला सांगतात. उंदरांत ही वाढ ठळक दिसते, माणसात बरीच कमी. बहुतेकींची बेटे ओझे पेलतात, काहींची अपुरी पडतात. वार पडली की ओझेही उतरते. पण बेटांची ऐपत तोकडी होती, हे त्यातून कळलेले असते. 2009 सालच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अशा बायांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे सात पट असतो.

आळीतल्या बायकांना मी नीलसन आणि यंग सांगितले नाहीत. एवढेच म्हटले: वार पडली तशी साखर गेली. घरातले गोड तर तसेच होते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसह. आता दर दिवाळीला लेक माहेरी येते, तेव्हा फराळाला बसण्याआधी आम्ही दोघे पोलादपूरला जाऊन तिचे रक्त तपासून येतो.