उरलेला डोंगर

बदलापूर स्टेशनच्या पुलावरून दक्षिणेकडे बघा. मलंगगड, चंदेरी आणि मागे माथेरानचं पठार. आता काळात मागे चला.

पहिला थांबा: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तुमच्याभोवती एकही शिखर नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडतोय आणि क्षितिजापर्यंत पसरतोय. गंधकानं घसा जळतो. एक थर थिजतो, त्यावर माती धरते, पुढचा लाव्हा ती भाजून लाल करतो. थिजताना काळा कातळ आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. त्या चिरांकडे नीट बघून घ्या.

दुसरा थांबा: लाव्हा कधीचाच थांबलाय. पश्चिमेला जमीन खचून समुद्र आलाय, नद्यांना उतार मिळालाय. डोंगर कधी वर येतो याची वाट बघू नका. इथे डोंगर वर येत नाही, मागे उरतो. पावसाचं पाणी त्या चिरांत शिरतं, खनिजं कुजवतं, कातळाचा मुरूम करतं. झाडाची मुळं चीर फाकवतात. वायूच्या पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ थर आधी झिजतो, मग वरचा कठीण थर आधार सुटून कोसळतो. कडा उभाच्या उभा मागे सरकतो.  इथे दर वर्षी चार महिने धो धो पाऊस असतो.

तिसरा थांबा: इ.स. १०६०, अंबरनाथ. वालधुनी नदीच्या काठी शिलाहार राजांचं शिवमंदिर उभं राहतंय. छिन्नीचे घाव ऐकू येतात. दगड तोच, बेसॉल्ट. नुकत्याच कोरलेल्या मूर्तीवरून हात फिरवा, नाकडोळे धारदार लागतील.

आता आजच्या दिवशी परत या आणि त्याच भिंतीपाशी उभे राहा. कित्येक चेहरे पुसट झालेत, पण मूर्ती ओळखू येतात. जवळजवळ हजार पावसाळ्यांत दगड झिजला तो एवढाच. या हिशेबानं चंदेरी आणि मलंगगडाच्या मधला नाहीसा झालेला कातळ मोजायला बसलात, तर हजारो वर्षांत भागणार नाही. लाखांत, कोटींत जावं लागेल.

तो कातळ गेला कुठे? काही भातखाचरांत माती होऊन राहिला, काही उल्हास नदीनं वसईच्या खाडीत नेऊन टाकला. येत्या जुलैत नदी गढूळ दिसली, की चंदेरीनं यंदाचा हप्ता भरला समजा.